सिंगापूरच्या हॉकर सेंटरमधील मी हून क्वे : हाताने तोडलेल्या नूडल्सचे सूप

उत्तरवाहिनी (धागाकर्ती)

सिंगापूरला येणारे मराठी पाहुणे हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेले की चिकन राइस, लाक्सा किंवा भारतीय गाळ्यावरचा डोसा यांच्या पलीकडे सहसा जात नाहीत. दुपारी बाराच्या सुमारास जवळच्या कार्यालयांतील कर्मचारी आणि आसपासच्या इमारतींतील आजी-आजोबा ज्या गाळ्यासमोर एकाच रांगेत उभे असतात, त्या ताज्या नूडल्सच्या सूपकडे त्यांचे लक्ष जात नाही. याचे एक कारण असे की ते सूप छायाचित्रात अगदीच सामान्य दिसते. क्लेमेंटीत आमच्या इमारतीजवळच्या हॉकर सेंटरमध्ये असा एक गाळा आहे आणि मी तिथे नियमाने जेवते, म्हणून या पदार्थाविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

हॉकर सेंटर म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊक असेल, तरी दोन वाक्यांत सांगते. रस्त्यावर हातगाड्या लावणाऱ्या विक्रेत्यांना सिंगापूर सरकारने प्रामुख्याने १९७१ ते १९८६ या काळात नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या छपरांखाली आणले आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. प्रत्येक गाळ्यावर सहसा एकच पदार्थ किंवा एकाच घराण्यातले चारदोन पदार्थ मिळतात आणि तेच करत एखाद्या कुटुंबाची पूर्ण हयात जाते.

आमच्या गाळ्यावर एकाच पिठाचे तीन प्रकार होतात. रुंद, चपट्या पट्ट्या कापल्या की त्यांना बान मिएन म्हणतात, बारीक कापल्या की यू मिएन आणि पट्ट्या न कापता पिठाच्या लाटलेल्या चादरीचे हाताने तुकडे तोडून ते थेट उकळत्या पाण्यात टाकले की मी हून क्वे. हक्का आणि होक्कियन लोकांच्या घरांतून आलेला हा पदार्थ सिंगापूर आणि मलेशिया या दोन्ही देशांत रुजलेला आहे. फलकावर 'हॅंडमेड' असे लिहिलेले असले तरी बान मिएन आणि यू मिएनचे पीठ बहुतेक ठिकाणी रुळांच्या यंत्रातून जाते आणि कापले जाते तेही यंत्रानेच. यात फसवणूक काही नाही, कारण पीठ तिथेच मळलेले असते आणि नूडल्स मागणीनुसार त्या क्षणी कापल्या जातात. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्यांदा जाणाऱ्याने मी हून क्वेच मागवावे, कारण तिन्हींपैकी फक्त त्यातच शेवटचे काम हाताचे असते आणि तो हात तोंडाला जाणवतो.

गाळ्यावरच्या आंटी (इथे वयाने मोठ्या कोणत्याही विक्रेतीला सगळेच आंटी म्हणतात) पिठाची लांब चादर डाव्या मनगटावर टाकून पातेल्यापाशी उभ्या राहतात. दोन्ही अंगठे कडेवर ठेवून त्या चादर किंचित ताणतात, तेवढा भाग आणखी पातळ होतो, आणि लगेच अंगठ्याच्या झटक्याने तो तुकडा तुटून पाण्यात पडतो. तुकडा मधे पातळ आणि कडेला थोडा जाड राहतो, त्यामुळे शिजल्यावर मधला भाग जवळजवळ पारदर्शक आणि रेशमी होतो, तर कडेला दाताखाली येणारा चिवटपणा टिकतो. एकाच घासात दोन्ही मिळतात. यंत्रातून निघालेल्या पट्टीला सगळीकडे सारखीच जाडी असल्याने हे जमत नाही.

सूपचा पाया म्हणजे इकान बिलिस, अर्थात सुकवलेली छोटी मासळी. हे मासे आपल्या मांदेलीच्याच कुळातले. त्यांच्याबरोबर बहुतेक गाळ्यांवर डुकराची हाडे आणि काही ठिकाणी सोयाबीनही उकळतात. वाडग्यात नूडल्स, डुकराचा खिमा, सुक्या मशरूमच्या शिजवलेल्या फिती, पालेभाजी, सूपमध्येच फोडून अर्धवट शिजवलेले अंडे आणि सर्वांत शेवटी कुरकुरीत तळलेले इकान बिलिस असे सगळे येते. तळलेली मासळी आधी खावी, ती सूपमध्ये बुडून राहिली की तिची सगळी गंमत संपते. अंडे मात्र लगेच फोडू नये. निम्मे सूप जसे आहे तसे पिऊन झाल्यावर पिवळा बलक फोडावा म्हणजे उरलेले सूप दाट होते आणि एकाच वाडग्यात दोन चवी मिळतात. सोबत तिखट चटणी किंवा सोया सॉसमध्ये बुडवलेल्या चिली पाडीच्या चकत्या असतात. त्या बारक्या मिरच्या कोल्हापूरकरांनीही जपूनच घ्याव्यात.

दर साधारण पाच डॉलरच्या आसपास असतो. गर्दीच्या वेळी वीस मिनिटे थांबावे लागते, कारण प्रत्येक वाडगा स्वतंत्र शिजतो. कोणी इतरत्र हे सूप खाल्ले असेल तर त्यांनी अवश्य लिहावे.

साधासरळ

माहितीपूर्ण धागा आहे. पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन सिंगापूरला येत आहोत. दोघेही पूर्ण शाकाहारी आहेत आणि चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाहीत. खिमा आणि मासळी न घालता हे सूप देता का, असे गाळ्यावर विचारले तर चालेल का? भाषेची अडचण येते का?

उत्तरवाहिनी

@साधासरळ, भाषेची अडचण फारशी येत नाही, पण त्या गाळ्यावर हे विचारू नका असेच मी सुचवेन. खिमा काढून टाकायला आंटी लगेच तयार होतील आणि पालेभाजी जास्त घालून वाडगा आनंदाने तुमच्या हातात देतील, पण सूप मासळीचे आणि हाडांचेच असते आणि नूडल्सही त्याच पातेल्यात शिजतात. 'मांस नको' म्हटल्याने सूप शाकाहारी होत नाही, ही गोष्ट इथे आलेल्या पुष्कळ लोकांच्या उशिरा लक्षात येते. शिवाय पिठात बहुधा अंडे असते.

तुमच्या आई-बाबांसाठी याहून सोपा मार्ग आहे. अनेक हॉकर सेंटरांमध्ये चिनी बौद्ध शाकाहारी गाळा असतो आणि त्याच्या फलकावर बऱ्याचदा स्वस्तिकाचे चिन्ह दिसते. परंपरा पाळणाऱ्या अशा गाळ्यांवर कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीतल्या इतर उग्र वासाच्या गोष्टी वर्ज्य असतात, म्हणजे तुमचा चातुर्मासाचा प्रश्नही आपोआप सुटतो. तिथे नूडल सूप मिळाले तर ते सोयाबीन, मशरूम, मका, कोबी अशांवर केलेले असते. दोन गोष्टी मात्र आधी विचारून घ्या. पहिली म्हणजे अंडे, कारण काही शाकाहारी गाळ्यांवर ते चालते. दुसरी म्हणजे 'मटण', 'बदक' असे काही यादीत दिसले तर ते सोयाचे किंवा गव्हाच्या चिकाचे असते, पण आई-बाबांना आधी सांगून ठेवलेले बरे, नाहीतर ते ताटावरून उठतील.

आणखी एक सूचना आहे. जेवण झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा असतो. सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये हा नियम सक्तीने लागू आहे. ट्रे ठेवण्याच्या जागा हलाल आणि बिगरहलाल अशा वेगळ्या असतात, तेव्हा पाटी वाचूनच ट्रे ठेवावा. टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट पडलेले दिसले तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे असे समजावे आणि तिथे बसू नये.

खादाडखाऊ

वर्णन उत्तम आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर या आपल्या चकोल्याच झाल्या. कणकेचे तुकडे उकळत्या रसात टाकून शिजवायचे आणि वाटीत घेऊन गरम गरम ओरपायचे. आपल्याकडे रस वरणाचा, त्यांच्याकडे मासळीचा, एवढाच फरक. यासाठी विमानाने जाण्याची काय गरज?

जुनाजाणता

मी बरीच वर्षे क्वालालंपूरमध्ये राहिलो आहे. तिथे या सगळ्या प्रकारांना मिळून पान मी म्हणतात आणि कोणता हवा ते पुढे सांगायचे, की जाड, बारीक, का हाताने तोडलेला. तिथे याचा एक कोरडा अवतारही प्रसिद्ध आहे, तो म्हणजे चिली पान मी. चौ किट भागातील किन किन या उपाहारगृहामुळे तो नावारूपाला आला असे तिथले लोक मानतात. त्यात नूडल्सवर खिमा, तळलेली मासळी आणि अर्धे कच्चे अंडे घालून देतात आणि टेबलावर कोरड्या, भाजलेल्या तिखटाची बरणी ठेवलेली असते, त्यातले हवे तेवढे आपणच घ्यायचे. सूप बाजूला लहान वाटीत मिळते. ज्यांना भर दुपारी उकाड्यात गरम सूप नको वाटते त्यांनी हा प्रकार अवश्य खावा.

धागाकर्तीच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. नूडल हाताने तोडली की यंत्राने कापली, याला त्यांनी फार महत्त्व दिले आहे. माझ्या मते या पदार्थाची परीक्षा सूपवरच होते. उत्तम हाताने तोडलेली नूडल पाणचट सूपमध्ये पडली तर तो वाडगा वायाच जातो आणि उलट, यंत्राची साधी पट्टी चांगल्या सूपमध्ये आली तर कोणी तक्रार करत नाही. एका मॉलच्या वातानुकूलित फूड कोर्टात मला काचेमागे नूडल्स हाताने ओढून दाखवत होते, गर्दी मोबाइल काढून उभी होती, आणि समोर आलेल्या सूपला मीठ आणि अजिनोमोटोपलीकडे कसलीच चव नव्हती. हाताचे काम दिसते म्हणून त्याचे कौतुक होते. सूप पहाटेपासून कोणी उकळले ते कोणालाच दिसत नाही.

उत्तरवाहिनी

@जुनाजाणता, सूपबद्दलचा मुद्दा मान्य आहे, पण ज्या गाळ्यावर सूपची कसर केली जाते तिथे पिठाचीही झालेलीच असते असा माझा अनुभव आहे. सकाळी मळलेले पीठ झाकून तासभर तरी निवांत ठेवायला ज्यांना वेळ नसतो, त्यांना हाडे उकळायलाही तो नसतो. काचेमागचा खेळ हा वेगळा विषय आहे. क्लेमेंटीच्या आंटींकडे पाहायला कोणी थांबत नाही, सगळ्यांचे लक्ष आपला क्रमांक कधी येतो याकडे असते.

रानभाजी

वर पालेभाजीचा नुसता उल्लेख आला आहे, पण ती कोणती याला महत्त्व आहे. मूळ पद्धतीत यात सायुर मानिस नावाच्या झुडपाची पाने घालतात. चिनी गाळेवाले त्यांना मानी चाय म्हणतात. वनस्पतिशास्त्रातले नाव सॉरोपस अँड्रोगायनस. केरळात हीच भाजी चेकुरमनीस या नावाने परसात लावतात, त्यामुळे दक्षिणेत राहणाऱ्या वाचकांना ती बाजारात नाही तरी एखाद्या शेजाऱ्याकडे मिळू शकेल. पाने देठापासून ओरबाडून घेतात आणि हातात थोडी चुरडतात, म्हणजे ती लवकर मऊ होतात. शिजल्यावर रंग गडद हिरवा राहतो आणि किंचित गोडसर चव येते. हल्ली बरेच गाळेवाले तिच्याऐवजी छाय सिम ही चिनी पालेभाजी किंवा माठासारखी कोवळी पाने घालतात, कारण ती निवडायला सोपी पडतात.

एक इशारा द्यायला हवा, कारण 'जीवनसत्त्वांची खाण' म्हणून या भाजीचा प्रचार समाजमाध्यमांवर दिसतो. तैवानमध्ये १९९४-९५ च्या सुमारास वजन कमी करण्यासाठी या पानांचा कच्चा रस रोज पिण्याची टूम निघाली होती. तो पिणाऱ्या अनेकांना फुप्फुसातील सूक्ष्म श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा गंभीर आजार जडला, काहींचा मृत्यू झाला आणि काहींवर फुप्फुसाचे प्रत्यारोपण करावे लागले. सूपमध्ये शिजवून मूठभर पाने खाणे ही वेगळी गोष्ट आहे आणि मलेशिया-इंडोनेशियात ती पिढ्यान्‌पिढ्या अशीच खाल्ली जाते. परंतु घरी झाड लावून सकाळी उठून रस काढण्याच्या फंदात कोणी पडू नये.

पीठमळणी

@खादाडखाऊ, चकोल्यांशी असलेले नाते खरे आहे, पण 'एवढाच फरक' म्हणणे मला पटत नाही. बेकरीच्या व्यवसायामुळे माझा पिठाशी रोजचा संबंध येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चकोल्या कणकेच्या असतात. कणकेत कोंडा असतो आणि त्याचे बारीक कण ग्लुटेनची, म्हणजे पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनांची, जाळी जागोजागी तोडतात. शिवाय जात्यावर किंवा चक्कीत दळताना गव्हातील पिष्टाचे कण अधिक फुटतात, ते पाणी जास्त पितात आणि शिजताना बाहेर सुटून रस दाट करतात. वरणात हे हवेच असते. चकोल्या वरणाला दाट करतात, वरण त्यांच्यात मुरते आणि शेवटी दोन्ही वेगळे ओळखू येत नाहीत. मी हून क्वेमध्ये याच्या नेमके उलट साधायचे असते. सूप पातळ आणि वेगळे राहिले पाहिजे आणि तुकडा गुळगुळीत, लवचीक, आपल्या जागी. त्यासाठी मैदा घेतात, पीठ घट्ट मळतात, मिठाने ग्लुटेनला आणखी बळकटी देतात आणि मग भरपूर वेळ झाकून ठेवतात. या विश्रांतीत पाणी सगळीकडे सारखे पोचते आणि ताणलेली जाळी सैल होते. म्हणूनच आंटींना चादर अंगठ्याने ताणता येते. ताजे मळलेले पीठ ताणले तर ते रबरासारखे मागे तरी येते किंवा फाटते. अनेक गाळ्यांवर नूडल्स सूपमध्ये न शिजवता आधी साध्या पाण्यात शिजवतात, तेही सूप गढूळ होऊ नये म्हणूनच.

हॉकर सेंटरमधल्या पिवळ्या नूडल्स आणि या नूडल्स यांत गल्लत करू नये, हेही सांगायला हवे. पिवळ्या नूडल्समध्ये क्षाराचे पाणी घालतात. मैद्यातील मुळात रंगहीन असणारी द्रव्ये क्षारामुळे पिवळी होतात आणि नूडलला तो विशिष्ट वास आणि करकरीतपणा येतो. मी हून क्वेमध्ये सहसा क्षार नसतो, जो काही फिका पिवळेपणा दिसतो तो अंड्याचा. त्यामुळे त्याची चव गव्हाची राहते आणि क्षाराच्या नूडल्सचा वास न आवडणाऱ्यांनाही हे सूप आवडते.

खादाडखाऊ

@पीठमळणी, चकोल्यांचे विधान मागे घेत नाही, पण मैद्याचा मुद्दा समजला. आमच्याकडे आजी चकोल्यांची पोळी लाटून कातण्याने शंकरपाळ्यासारखे तुकडे करते, तोडत कधीच नाही. या रविवारी एक घाणा हाताने तोडून पाहण्याची परवानगी तिच्याकडे मागितली आहे आणि ती अजून मिळालेली नाही.

कुंभार्लीघाट

मी चिपळूणचा, सध्या पुण्यात. घरी करून पाहायचे आहे. पिठाचे प्रमाण कोणी देईल का? आणि इकान बिलिस इथे मिळत नाही, तर त्याऐवजी सुकट, सुके बोंबील की सुकी मांदेली घ्यावी?

पीठमळणी

चार जणांना २५० ग्रॅम मैदा साधारण पुरतो, भूक कोकणी असेल तर ३५० ग्रॅम घ्या. २५० ग्रॅमला एक अंडे, सुमारे ८५ मिलिलिटर पाणी, अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा तेल. अंडे नको असेल तर पाणी १२५ मिलिलिटरपर्यंत वाढवा. पाणी एकदम ओतू नका, कारण प्रत्येक मैद्याची तहान वेगळी असते. गोळा सुरुवातीला खडबडीत आणि कोरडा वाटेल, तरी पाण्याचा हात लावण्याचा मोह आवरा. वीस मिनिटे झाकून ठेवा, पुन्हा मळा, तो आपोआप गुळगुळीत होईल. मग निदान एक तास ठेवा. पुण्याच्या एप्रिलमध्ये करणार असाल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि तोडण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. लाटताना पोळीपेक्षा किंचित जाड ठेवा, उरलेले पातळ करण्याचे काम अंगठ्यांकडे सोपवा.

जुनाजाणता

@कुंभार्लीघाट, सूपचे मी सांगतो. सुके बोंबील घेऊ नका, त्यांचा वास सगळ्यावर मात करतो आणि मग ते बोंबलाचे सार होते. सुकट म्हणजे जवळा घेतला तर सूप चांगले होते, पण कोळंबीच्या वळणावर जाते. सुकी मांदेली सर्वांत जवळची. डोके आणि पोटातला काळा भाग काढून टाका, कारण सूपमध्ये कडवटपणा तिथूनच येतो. मग कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजा आणि पाण्यात घालून अर्धा तास बारीक उकळू द्या. मासळी खारवलेली असेल तर मीठ शेवटी चव घेऊनच घाला.

सोबत दोन-तीन सुके शिताके मशरूम घातले तर अजिनोमोटोची गरज पडत नाही. त्यामागचे कारण जपानी शास्त्रज्ञांनी टप्प्याटप्प्याने शोधले. इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शैवालातले ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोतलेच चवीचे द्रव्य, ओळखले, कोदामा यांनी १९१३ मध्ये सुक्या मासळीतले इनोसिनेट, आणि १९५० च्या दशकात कुनिनाका यांनी मशरूममधल्या ग्वानिलेटची चव दाखवून दिली. ही द्रव्ये ग्लुटामेटबरोबर आली की चव बेरजेने वाढत नाही, ती कितीतरी पट वाढते. मूठभर भिजवलेले सोयाबीन त्याच पातेल्यात उकळले तर सूपला अंगही येते. डुकराची हाडे घरी चालत नसतील तर कोंबडीची घ्या.

उत्तरवाहिनी

यात एवढीच भर घालते की तळायची मासळी वेगळी ठेवा आणि ती सर्वांत बारीक निवडा, कारण मोठी मांदेली वरून कुरकुरीत झाली तरी आत चिवट राहते. सायुर मानिस नसल्यास पुण्यात कोवळा माठ घ्या, पालक नको, तो सूपमध्ये लगेच गळतो. नूडलचे तुकडे वर तरंगू लागले की अर्धा मिनिट आणखी थांबून काढा आणि लगेच वाढा, घरातले सगळे टेबलावर येईपर्यंत ते वाडग्यात ठेवू नका.

कुंभार्लीघाट

मनःपूर्वक आभार. सुकी मांदेली चिपळूणहून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीत मागवली आहे. शिताके कॅम्पातल्या दुकानात मिळतील असे कळले. चिली पाडीला पर्याय म्हणून लवंगी मिरची चालेल असे गृहीत धरतो.

जुनाजाणता

चालेल. चकत्या करून सोया सॉसमध्ये तासभर बुडवून ठेवा आणि वर लिंबू पिळा. बिया काढू नका.